ओहमचे गणित आणि काळीचे पाणी

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावरील दाट रानाचा मुलूख. बाजारकुणंग हे गाव याच तालुक्यातले, आणि काळी नदीचा उगमही येथलाच. १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता व त्याचे ठाणे सुपे या गावी होते. ते जुने सुपे आज धरणाच्या पाण्याखाली आहे. डोंगरातले पाणी अडवून त्याची वीज करावी आणि ती दूरच्या शहरांना पुरवावी, ही गोष्ट कोणत्या ज्ञानामुळे साध्य झाली, याचा शोध घेऊ लागल्यास जर्मनीतील एका शाळामास्तरापाशी जाऊन पोहोचावे लागते.

गेओर्ग सिमॉन ओहम हा त्याचा नामनिर्देश. कोलोन शहरात जेझुइटांनी स्थापिलेल्या जुन्या शाळेत तो गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असे. तारेतून विजेचा प्रवाह किती वाहतो, हे कशावर अवलंबून असते, हा प्रश्न त्याने हाती घेतला. त्या काळच्या विद्युतघटांचा जोर क्षणोक्षणी बदले. म्हणून त्याने दोन धातूंच्या सांध्यांतील उष्णतेच्या फरकातून स्थिर दाब मिळविला व वेगवेगळ्या लांबीच्या तारा मोजून पाहिल्या. १८२७ साली त्याने आपला निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडला. दाब वाढला की प्रवाह त्याच प्रमाणात वाढतो. तारेचा रोध वाढला की तो त्याच प्रमाणात घटतो. दाबाला प्रवाहाने भागिले म्हणजे रोध मिळतो, इतके हे सोपे आहे. परंतु मायदेशी या ग्रंथाचे स्वागत थंडपणेच झाले. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोपली पदक दिले, तेव्हा कोठे त्याच्या कार्याची कदर झाली. पुढे १८८१ च्या पॅरिस परिषदेने रोधाच्या मापाला त्याचेच नाव दिले.

ओहमच्या या नियमाला जोड मिळाली ती इंग्लंडमधील जूल याच्या शोधाची. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात व रोधाच्या प्रमाणात असते, असे त्याने १८४१ च्या सुमारास दाखविले. दाबाला प्रवाहाने गुणिले म्हणजे शक्ती मिळते. तिचे माप वॅट. घरातील तंतूचा दिवा घ्या. त्यावर २३० व्होल्ट व ६० वॅट असे लिहिलेले असेल, तर त्यातून सुमारे पाव अँपिअर प्रवाह वाहतो आणि पेटलेल्या तंतूचा रोध सुमारे ८८० ओहम भरतो. एवढा हिशोब शाळेतील मुलगाही करू शकेल.

हाच हिशोब धरणापाशी नेला की त्याचे महत्त्व ध्यानी येते. सुपे येथील वीजगृहात ५० मेगावॅटची दोन यंत्रे आहेत. मिळून दहा कोटी वॅट. एवढी शक्ती २२० व्होल्टने पाठवू गेल्यास साडेचार लाखांहून अधिक अँपिअर प्रवाह लागेल. त्याला पुरेल इतकी जाड तार आणावयाची कोठून? तोच दाब हजारपट, म्हणजे २,२०,००० व्होल्ट केला, तर सुमारे ४५५ अँपिअर पुरतात. प्रवाह एक हजारांश झाला, म्हणून त्याच तारेत उष्णतेच्या रूपाने होणारा नाश दहा लाखांश होतो. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या तीन तारांचा प्रत्यक्ष हिशोब थोडा निराळा असतो. पण मर्म हेच. दाब चढविण्याचे व उतरविण्याचे काम रोहित्रे करतात.

या ज्ञानाचा लाभ मुंबईलाही झाला. १९१५ साली टाटांचे खोपोली येथील वीजगृह सुरू झाले. लोणावळ्याच्या तलावांतील पाणी घाटाखाली उतरवून केलेली वीज एक लाख व्होल्ट दाबाने सुमारे सत्तर किलोमीटरांवरील मुंबईस आली आणि गिरण्यांची चाके फिरू लागली. मात्र पुढचे धरण मुळशीस बांधावयाचे ठरले, तेव्हा जमिनी जाणार म्हणून तेथील शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट हे त्याचे अग्रणी होते. तरीही धरण झालेच.

काळीच्या खोऱ्यात हीच कथा पुन्हा घडली. १०१ मीटर उंचीचे सुपे धरण १९८७ साली पुरे झाले. तालुक्याचे ठाणे जोयड्यास हलले. उठलेल्या अनेक कुटुंबांना रामनगर येथे वसविण्यात आले. नदीच्या खालच्या अंगास नागझरीचे मोठे वीजगृह उभे राहिले. त्या विजेने कर्नाटकातील कारखाने चालले, घरे उजळली, हा लाभ लहान नव्हे.

तारेत किती वीज वाया गेली, हे ओहम आणि जूल यांच्या गणिताने वॅटपर्यंत सांगता येते. पाण्याखाली गेलेली शेते, देवळे आणि शेजार यांचा हिशोब मात्र त्या गणितात बसत नाही. तो माणसांनाच वेगळा मांडावा लागतो. विजेच्या देयकावरील आकडा वाचताना ही दुसरी बाजूही स्मरणात असावी. ज्यांनी आपली भूमी दिली, त्यांचे ऋण त्या आकड्यात मिळविलेले नसते.