पितृत्वनोंद (बारामती व इंदापूर तालुके)

पितृत्वनोंद : अपत्याचा बाप कायद्याने कोण हे ठरणे आणि तसे दाखवणारी नोंद हाती येणे. या दोन तालुक्यांत पहिली गोष्ट क्वचितच कोर्टात जाते. दुसरीची गरज मात्र शाळाप्रवेश, जातीचा दाखला आणि वारसनोंद या तिन्ही वेळी पडते.

कायदा : वैध विवाह चालू असताना, किंवा तो संपल्यावर २८० दिवसांच्या आत व आईने पुन्हा लग्न केलेले नसताना जन्मलेले मूल त्या पतीचे औरस अपत्य ठरते. त्या काळात पतिपत्नींचा सहवासच शक्य नव्हता, एवढाच याला अपवाद. १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम ११२ चा हा नियम १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६ मध्ये आहे. विदर्भातील एका दांपत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये डीएनए अहवालाला या गृहीतकापेक्षा अधिक मानले. पुण्यातील घटस्फोटाच्या एका दाव्यात मात्र त्याच न्यायालयाने २०२३ मध्ये मुलाची अशी तपासणी सरसकट करू नये असे म्हटले. अविवाहित आईला बापाचे नाव न सांगताही मुलाचे पालकत्व व जन्मदाखला मिळू शकतो (२०१५).

दप्तरे : १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा येण्यापूर्वी खेड्यातील जन्म गाव नमुना १४ मध्ये, लोकांच्या बोलण्यातील ‘कोतवाल बुका’त, उतरत. त्यात बाळाचे नाव बहुधा नसते. बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. म्हणून एकाच बापाच्या तीन मुलांपैकी ही नोंद कोणाची, हे शाळेच्या जनरल रजिस्टरातील जन्मतारखेशी ताडून पाहावे लागते. जुनी पाने मोडीत असली तर वाचणारा शोधावा लागतो. नक्कल तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून मिळते. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात ही बुके पुन्हा उघडली गेली, ती मुख्यतः बापाकडची वंशावळ जुळवण्यासाठी. खबर देणाऱ्याने सांगितले तेच त्यात लिहिलेले असल्याने ही नोंद पितृत्वाचा निर्णायक पुरावा नव्हे. तरीही शंभर वर्षांपूर्वीच्या बाबतीत याहून जवळचा कागद सहसा सापडत नाही, आणि या पानांची जपणूक त्यासाठीच व्हायला हवी.

आता खेड्यात ग्रामपंचायत, शहरात नगरपरिषद नोंद ठेवते. २१ दिवसांत खबर द्यायची. वर्ष उलटल्यास २०२३ च्या दुरुस्तीनुसार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. नोंदीतील चुकांची दुरुस्ती १९६९ च्या कायद्याच्या कलम १५ खाली होते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात राज्यात आधी आईचे व मग बापाचे नाव लिहितात.

वाद : बहुतेक वाद सातबाऱ्यावर वारस लावताना, विशेषतः दुसऱ्या बायकोच्या मुलांबाबत, उठतात. हरकत आली की फेरफार मंडळ अधिकाऱ्यापुढे, अपिलात बारामतीच्या प्रांतांपुढे जातो. दोन्ही तालुके त्याच उपविभागात आहेत. बाप कोण हे महसूल अधिकारी ठरवू शकत नाही; त्यासाठी दिवाणी न्यायालयात घोषणात्मक दावा लावावा लागतो. नुसत्या वारस दाखल्यासाठी १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली तेथेच अर्ज होतो. बेकायदा विवाहातील मुले हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ ने औरस ठरतात. आईबापाच्या वाट्यापुरता त्यांना वडिलोपार्जित मिळकतीतही हक्क आहे (सर्वोच्च न्यायालय, २०२३).

दत्तक : दत्तकाच्या दिवसापासून दत्तक घेणारा हाच बाप.

ऊसतोड कुटुंबे : जन्म जिथे झाला तिथेच नोंदतात, आईबापाच्या मूळ गावी नाही. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर येथील कारखान्यांच्या हद्दीत बीड-अहिल्यानगरच्या टोळ्यांत जन्मलेल्या मुलांची नोंद त्यामुळे इथल्याच दप्तरात राहते. पट्टा पडून, म्हणजे गाळप हंगाम संपून, गावी निघण्याआधी आईबापांनी मुलाचा दाखला हातात घ्यावा आणि त्यावरील दोघांची नावे कुणाकडून तरी वाचून घ्यावीत.