मार्कंड्याचे शिखर आणि चौरस चौकट

वैनगंगेकाठच्या मार्कंडा मंदिराच्या शिखराचा माथा वीज पडून कोसळल्याची नोंद अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७०च्या दशकात केली. आज त्या मंदिराचे उभे छायाचित्र एखाद्या भजनसंग्रहाचे मुखपृष्ठ केले, तर संगणकावरील गाण्यांच्या यादीत शिखर पुन्हा छाटलेले दिसू शकते.

हा चौरस तबकडीचा वारसा. कोलंबियाने १९४८ साली बारा इंची एलपी आणली. गोल तबकडीचे वेष्टन चौरसच असणार! फिलिप्सच्या १९६३ सालच्या कॅसेटचे मुखपृष्ठ मात्र उभे. संगणकाने प्रमाण मानला तो चौरसच.

‘चौकट भरा’ हा पर्याय ठेवल्यास वरखालचा भाग लपतो. कॅसेटवर गायक-गीतकारांची नावे तिथेच असली, तर तीही जातात. ‘पूर्ण बसवा’ निवडल्यास बाजूंना रिकाम्या पट्ट्या उरतात, पण शिखर दिसते. मूळ चित्र दोन्ही वेळा अखंडच असते.