तलावाचे पाणी काळवंडणे

जलवनस्पती, पालापाचोळा आणि इतर सेंद्रिय अवशेष पाण्यात कुजून पाण्याला पिवळट, तपकिरी किंवा काळसर रंग येण्याची नैसर्गिक क्रिया. समुद्राच्या उपसागरांत ती किनाऱ्याला लागलेल्या समुद्रशैवालांमुळे, तर गोड्या पाण्याच्या तलावांत तळाशी व काठावर वाढणाऱ्या वनस्पतींमुळे घडते. गोंदिया जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. तेथील तलाव आणि बोड्या (लहान तळी) प्रामुख्याने उथळ व पावसावर भरणाऱ्या असल्याने हा बदल समजून घेणे तेथे विशेष महत्त्वाचे आहे.

कारणे : पाने भिजली की त्यांतील टॅनिन काही दिवसांतच पाण्यात उतरते. उरलेला भाग जीवाणू व बुरशी हळूहळू कुजवतात आणि त्यातून ह्युमिक व फुल्विक आम्ले तयार होतात. ही द्रव्ये प्रकाशातील निळा भाग शोषून घेतात, म्हणून पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे दिसते. साग, तेंदू, मोह यांची उन्हाळ्यापर्यंत साचलेली पाने मृगाच्या पहिल्या सरींबरोबर वाहत तलावात येतात. उन्हाळ्यात पाणी आटते, काठावरच्या वनस्पती मरतात आणि थोड्याच पाण्यात कुजणाऱ्या अवशेषांचे प्रमाण वाढते. जलपर्णी किंवा बेशरमीने तलाव व्यापला असेल, तर हा भार आणखी वाढतो.

ओळख : काचेच्या भांड्यात पाणी घेऊन रात्रभर स्थिर ठेवावे. तळाशी गाळ बसून वरचे पाणी नितळ झाले, तर रंग मातीचा होता. वरचे पाणी तपकिरीच राहिले, तर तो बहुतांशी विरघळलेल्या द्रव्यांचा असतो. चिखल काळा असून त्याला कुजट वास येत असेल, तर तळाशी ऑक्सिजन संपून हायड्रोजन सल्फाइड वायू व लोह सल्फाइड तयार होत असल्याची ती खूण आहे.

परिणाम : टॅनिनयुक्त पाणी स्वतः विषारी नसते. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील रिओ निग्रो ही नदी याच द्रव्यांमुळे काळी दिसते आणि तिच्यात माशांच्या अनेक जातीही आढळतात. धोका कुजण्याच्या वेगात असतो. कुजताना ऑक्सिजन खर्च होतो, आणि रात्री प्रकाशसंश्लेषण थांबल्याने त्याची भर पडत नाही. म्हणून पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडताना दिसतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक (आयएस 10500 : 2012) 5 हेझन एकक रंग ग्राह्य धरते आणि पर्यायी स्रोत नसल्यास 15 पर्यंत मुभा देते. ह्युमिक द्रव्ये असलेल्या पाण्यात क्लोरीन टाकल्यास ट्रायहॅलोमीथेन ही अपायकारक संयुगे तयार होतात, म्हणून तुरटीने ती द्रव्ये आधी काढून घेणे आवश्यक ठरते.

समुद्रातही हाच क्रम दिसतो. 2011 पासून कॅरिबियन किनाऱ्यावर सारगॅसम शैवालाचे प्रचंड लोट येऊ लागले. ते कुजून मेक्सिकोच्या किनाऱ्यालगतचे पाणी तपकिरी झाले आणि समुद्रगवताची कुरणे अंधारून मेली.

उपाय : गोंदिया-भंडाऱ्यातील माजी मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) ताब्यात असलेले तलाव, हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टाचे फळ. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव शासनाकडे गेले आणि गावाचा त्यांवरील हात सुटत गेला. अर्जुनी मोरगाव परिसरात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या साथीने दाखवलेला मार्ग म्हणजे बेशरम उपटणे, तलावाचा तळ नांगरणे आणि मूळच्या जलवनस्पती पुन्हा लावणे. या वनस्पतींत मासे अंडी घालतात, पक्ष्यांना अन्न मिळते. सरसकट खोदाई मात्र या वनस्पतींचे कंदही उपसून टाकते. उपटलेले तण पाळीवर टाकू नये, कारण पावसात त्याचा रस परत तलावात येतो. ते पाणलोटाबाहेर नेऊन त्याचे खत करावे. कोणत्या वनस्पतीशी कोणता मासा जोडलेला आहे हे ढिवरांना ठाऊक असते. तलावासंबंधीच्या प्रत्येक शासकीय योजनेत त्यांचे हे ज्ञान सुरुवातीपासून घेतले गेले पाहिजे.