मंजूर मैलभत्ता (युनायटेड किंग्डम)

मंजूर मैलभत्ता ही युनायटेड किंग्डमच्या प्राप्तिकर कायद्यातील एक तरतूद आहे. कर्मचाऱ्याने स्वतःच्या मालकीचे वाहन नोकरीच्या कामासाठी वापरल्यास नियोक्ता त्याला प्रतिमैल ठरावीक दराने जी रक्कम देतो, ती या तरतुदीनुसार करमुक्त असते. स्वतःची छोटी मर्यादित कंपनी स्थापून तिच्यामार्फत सेवा देणारे सल्लागार, संगणक अभियंते आणि कंत्राटी व्यावसायिक या तरतुदीचा विशेष उपयोग करतात. अशा कंपनीत संचालक, भागधारक आणि कर्मचारी बहुधा एकच व्यक्ती असते. तरीही कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती असल्यामुळे संचालकाने केलेला खर्च कंपनीकडून रीतसर मागून घ्यावा लागतो. ही तरतूद प्राप्तिकर (वेतन व निवृत्तिवेतन) अधिनियम, २००३ च्या कलम २२९ ते २३६ मध्ये असून तिची अंमलबजावणी एचएमआरसी हा कर विभाग करतो.

## पार्श्वभूमी

कामासाठी केलेल्या प्रवासाचा खर्च उत्पन्नातून वजा करावा की नाही, हा ब्रिटिश न्यायालयांपुढील जुना प्रश्न आहे. रिकेट्स विरुद्ध कोल्कहून (१९२६) या खटल्यातील बॅरिस्टर लंडनमध्ये राहून वकिली करत आणि पोर्ट्समथ येथे रेकॉर्डर या न्यायिक पदावर काम पाहत. त्यांचे कर्तव्य पोर्ट्समथला पोहोचल्यावर सुरू होते, त्यामुळे तेथवरचा प्रवास कर्तव्याचा भाग नाही, असा निर्णय हाऊस ऑफ लॉर्ड्सने दिला. पूक विरुद्ध ओवेन (१९६९) या खटल्याचा निकाल मात्र वेगळा लागला. फिशगार्ड येथील एक डॉक्टर सुमारे १५ मैलांवरील हॅव्हरफर्डवेस्टच्या रुग्णालयात अंशकालीन काम करत. रुग्णालयाचा दूरध्वनी येताच त्यांची रुग्णाविषयीची जबाबदारी घरीच सुरू होई. त्यामुळे त्यांची कामाची ठिकाणे दोन ठरली आणि मिळालेला मैलभत्ता वेतनात मोजला गेला नाही.

६ एप्रिल १९९८ पासून प्रवासखर्चाचे नियम बदलले आणि तात्पुरत्या कामाच्या जागी जाण्याचा खर्च ग्राह्य धरला जाऊ लागला. पूर्वीच्या योजनेत मैलाचा दर मोटारीच्या इंजिनाच्या क्षमतेनुसार बदलत असे. ६ एप्रिल २००२ पासून सर्व मोटारींना एकच दर लागू झाला आणि आजची पद्धत सुरू झाली. कंपनीच्या मालकीच्या मोटारींवरील कर कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनाशी जोडला गेला, तो त्याच दिवशी.

## दर

मोटारीसाठी पहिल्या १०,००० मैलांचा दर २००२ मध्ये ४० पेन्स होता. ६ एप्रिल २०११ पासून तो ४५ पेन्स करण्यात आला. २०२५-२६ या करवर्षातील दर पुढीलप्रमाणे होते :

- मोटार व व्हॅन : करवर्षातील पहिल्या १०,००० मैलांना प्रतिमैल ४५ पेन्स, त्यापुढील प्रत्येक मैलाला २५ पेन्स
- मोटारसायकल : प्रतिमैल २४ पेन्स
- सायकल : प्रतिमैल २० पेन्स
- त्याच कामासाठी सोबत प्रवास करणारा सहकारी कर्मचारी : प्रत्येकी प्रतिमैल ५ पेन्स

पेट्रोल, डिझेल आणि विजेवर चालणाऱ्या मोटारींना हाच दर लागू होतो. इंधन, विमा, वाहनकर, दुरुस्ती आणि घसारा हे सर्व खर्च या दरात गृहीत धरलेले असल्याने ते कंपनीकडून वेगळे मागता येत नाहीत. कामाच्या प्रवासातील पार्किंग शुल्क आणि पथकर यांचा समावेश दरात नसतो. ते निराळे मिळू शकतात.

१०,००० मैलांची मर्यादा वाहनानुसार नव्हे, तर नोकरीनुसार मोजली जाते. वर्षाच्या मध्यात मोटार बदलल्यास मोजणी नव्याने सुरू होत नाही. एकाच व्यक्तीच्या नियंत्रणाखालील दोन कंपन्यांतील नोकऱ्या या कारणासाठी एकच मानल्या जातात, त्यामुळे दुसरी कंपनी काढूनही मर्यादा दुप्पट होत नाही.

## पात्र प्रवास

घरापासून नेहमीच्या कामाच्या जागेपर्यंतचा प्रवास खासगी मानला जातो आणि त्यासाठी भत्ता मिळत नाही. ग्राहकाला भेटणे, साहित्य आणणे, प्रशिक्षणाला जाणे किंवा एका कामाच्या जागेवरून दुसऱ्या जागी जाणे हे प्रवास सामान्यतः पात्र ठरतात. वादाचा मुख्य मुद्दा बहुतेक वेळा एकच असतो : ग्राहकाचे कार्यालय ही कामाची तात्पुरती जागा आहे की कायमची.

### २४ महिन्यांचा नियम

एखाद्या जागी सलग काम २४ महिन्यांहून अधिक काळ चालले किंवा चालण्याची अपेक्षा असली आणि कर्मचाऱ्याचा लक्षणीय वेळ तेथे जात असला, तर ती जागा कायमची ठरते. एचएमआरसीच्या मार्गदर्शनानुसार कामाच्या वेळेचा ४० टक्के किंवा अधिक भाग लक्षणीय समजला जातो. या नियमात प्रत्यक्ष गेलेल्या काळाइतकेच अपेक्षेलाही महत्त्व आहे. समजा, एका सल्लागाराचे कंत्राट सुरुवातीला १० महिन्यांचे होते आणि नवव्या महिन्यात ते वाढवून एकूण २६ महिन्यांचे केले गेले. मुदतवाढ मान्य होईपर्यंतचे मैल पात्र राहतात. त्या दिवसापासून मात्र २४ महिने पूर्ण होण्याची वाट न पाहता भत्ता बंद होतो. प्रवासाचे अंतर व खर्च यांत विशेष फरक पडत नसेल, तर त्याच परिसरातील दुसऱ्या इमारतीत काम हलवल्यानेही नवी मुदत सुरू होत नाही.

### कंत्राटी कामगारांवरील निर्बंध

६ एप्रिल २०१६ पासून लागू झालेल्या कलम ३३९अ नुसार मध्यस्थ संस्थेमार्फत काम करणाऱ्या व्यक्तींच्या प्रवासखर्चावर निर्बंध आले. स्वतःच्या कंपनीमार्फत काम करणाऱ्याचे एखादे कंत्राट आयआर३५ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमांच्या कक्षेत येत असेल, म्हणजे कंपनी मध्ये नसती तर तो ग्राहकाचा नोकरच ठरला असता, तर त्या कंत्राटासाठी घर ते ग्राहकाचे कार्यालय हा प्रवास नेहमीचा दैनंदिन प्रवास समजला जातो. कंत्राट त्या कक्षेबाहेर असल्यास वरील सामान्य नियम लागू राहतात.

## गणना आणि कराचा परिणाम

समजा, एका संचालकाने करवर्षात स्वतःच्या मोटारीने कामासाठी १२,००० मैल प्रवास केला. पहिल्या १०,००० मैलांचे ४,५०० पौंड आणि उरलेल्या २,००० मैलांचे ५०० पौंड मिळून मंजूर रक्कम ५,००० पौंड होते. कंपनीने ही रक्कम दिल्यास संचालकाला तीवर प्राप्तिकर द्यावा लागत नाही. कंपनीच्या करपात्र नफ्यातून ती वजा होते. ५०,००० पौंडांपर्यंत नफा असलेल्या कंपनीवर १ एप्रिल २०२३ पासून १९ टक्के कॉर्पोरेशन कर आहे. अशा कंपनीचा कर ९५० पौंडांनी कमी होतो.

कंपनीने सर्व १२,००० मैलांना ४५ पेन्स, म्हणजे ५,४०० पौंड दिले, तर वरचे ४०० पौंड प्राप्तिकरासाठी करपात्र होतात आणि ते पी११डी या विवरणपत्रात दाखवावे लागतात. नॅशनल इन्शुरन्सच्या वर्गणीसाठी मात्र मोटारीचा ४५ पेन्सचा दर सर्व मैलांना लागू असल्याने या उदाहरणात वर्गणी लागत नाही.

कंपनीने मंजूर रकमेपेक्षा कमी भत्ता दिल्यास कर्मचारी फरकाच्या रकमेवर कर सवलत मागू शकतो. ही सवलत वेतनातून वजा होते, लाभांशातून नव्हे. छोट्या कंपनीचे अनेक संचालक वैयक्तिक करमुक्त मर्यादेइतकेच, म्हणजे १२,५७० पौंडांच्या आसपास वेतन घेतात आणि उरलेले उत्पन्न लाभांशरूपाने घेतात. त्यांना या सवलतीचा उपयोग होत नाही. त्यामुळे त्यांच्या दृष्टीने कंपनीकडून पूर्ण दराने भत्ता घेणे हिताचे असते. कंपनीच्या खात्यात तूर्त पैसे नसल्यास मागणीची रक्कम संचालकाच्या कर्ज खात्यात जमा दाखवून नंतर काढता येते.

### मूल्यवर्धित कर

मूल्यवर्धित करासाठी नोंदणी केलेली कंपनी भत्त्यातील केवळ इंधनाच्या भागावरचा कर परत मिळवू शकते. हा भाग ठरवण्यासाठी एचएमआरसी दर तीन महिन्यांनी जाहीर करत असलेले सूचक इंधन दर वापरतात. प्रतिमैल इंधनाचा भाग १२ पेन्स धरल्यास त्यातील एक षष्ठांश, म्हणजे २ पेन्स कर असतो. यासाठी पुरेशा रकमेच्या इंधन खरेदीच्या पावत्या कंपनीकडे असाव्या लागतात.

## नोंदी

भत्ता ठोकळ मासिक रकमेने नव्हे, तर प्रत्यक्ष मैलांवर द्यावयाचा असल्याने प्रत्येक प्रवासाची नोंद आवश्यक असते. तीत तारीख, निघण्याचे व पोहोचण्याचे ठिकाण, पिनकोड, प्रवासाचे कारण आणि मैलांची संख्या लिहिली जाते. कंपनीने आपले हिशेब संबंधित आर्थिक वर्ष संपल्यापासून किमान सहा वर्षे जपावे लागतात. नोंदी समाधानकारक नसल्यास चौकशीत मागणी अमान्य होऊ शकते.

## इतर पद्धतींशी तुलना

कंपनीच्या मालकीच्या मोटारीला मंजूर मैलभत्ता लागू होत नाही. तिच्या कामाच्या प्रवासासाठी फक्त सूचक इंधन दराने पैसे देता येतात आणि खासगी वापरासाठी ती मोटार उपलब्ध असेल, तर त्या सोयीवर संचालकाला कर द्यावा लागतो. कंपनी न काढता एकल व्यवसाय करणाऱ्यांना २०१३-१४ पासून सोप्या खर्चपद्धतीखाली मोटारीसाठी ४५ आणि २५ पेन्सचे हेच दर वापरता येतात.

## मर्यादा

२०११ नंतर इंधन, विमा आणि दुरुस्ती यांच्या किमती वाढल्या, पण ४५ पेन्सचा दर २०२५-२६ पर्यंत तसाच राहिला. सर्व मोटारींना एकच दर असल्याने कमी खर्चात धावणाऱ्या छोट्या मोटारीच्या मालकाला भत्त्यातून काही शिल्लक राहू शकते, तर मोठ्या मोटारीच्या मालकाला पदरमोड करावी लागते. पूर्वीची इंजिननिहाय पद्धत सोडून हिशेब सुलभ करण्याच्या धोरणाचा हा परिणाम आहे.

## हेही पहा

- युनायटेड किंग्डममधील करप्रणाली
- प्राप्तिकर
- मूल्यवर्धित कर
- मर्यादित कंपनी