सात मिनिटांचं गाणं आणि पाच बटणांची गिटार

आजच्या भागात गोंगाट आहे, तेव्हा बसमध्ये किंवा लोकलमध्ये ऐकत असाल तर आवाज आधीच जरा कमी करून ठेवा. विषय आहे मेटल. पण स्टेडियम भरवणाऱ्या बड्या बँडचं नाही. रेडिओवर ज्यांना कुणी विचारत नव्हतं, असे छोटे बँड एका व्हिडिओ गेममुळे जगभरच्या पोरांच्या कानात कसे शिरले, आणि त्यातून त्यांच्या हाताला काय लागलं, त्याची ही गोष्ट.

सुरुवात २००५ पासून करू. अमेरिकेत हार्मोनिक्स नावाची कंपनी होती. एमआयटीत शिकलेल्या दोघांनी १९९५ मध्ये काढलेली. रेडऑक्टेन ही दुसरी कंपनी गेमचे कंट्रोलर बनवायची. जपानी आर्केडमध्ये कोनामीचा 'गिटारफ्रीक्स' आधीपासून चालत होता. त्या धर्तीवर या दोघींनी मिळून प्लेस्टेशन २ साठी 'गिटार हीरो' आणला.

खेळ सोपा. हातात प्लास्टिकची गिटार, तिच्यावर पाच रंगीत बटणं. स्क्रीनवर रंगीत ठिपके खाली सरकत येतात. ठिपका रेषेवर आला की तेच बटण दाबून झंकारपट्टी हलवायची. बरोबर जमलं तर गिटार वाजते. चुकलात तर गाण्यातून फक्त गिटार गायब होते, बाकी गाणं चालूच राहतं.

आता हे नीट बघा, कारण सगळी मेख इथेच आहे. गिटार तेवढी बंद करायची तर गाण्यातलं प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर हवं. तयार सीडी घेऊन भागत नाही. जुन्या बड्या बँडची इथेच पंचाईत व्हायची, कारण मूळ टेप कुठे आहेत तेच कुणाला माहीत नसायचं. २००७ च्या तिसऱ्या गेमसाठी सेक्स पिस्टल्सना आपलं जुनं गाणं नव्याने रेकॉर्ड करावं लागलं, ते यामुळेच. पहिल्या गेममधली बरीचशी गाणीही मूळ नव्हती, दुसऱ्या वादकांनी वाजवलेली होती. पण स्वतःच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करणाऱ्या छोट्या बँडचे सगळे ट्रॅक सुटे सुटे हार्डडिस्कवर पडलेले असायचे. लायसन्सही स्वस्तात मिळायचं. म्हणून गेममध्ये 'बोनस' गाण्यांची जी जागा होती, ती छोट्यांच्या वाट्याला आली.

मग मेटलच का? गेमला शेवटी एक राक्षस लागतो, ज्याला हरवायला खेळणाऱ्याने रात्र रात्र जागावं असा. रेडिओला सात मिनिटांचं, सुसाट वेगाचं, सोलोंनी भरलेलं गाणं म्हणजे डोकेदुखी. गेमला नेमकं तेच हवं होतं. २००६ च्या 'गिटार हीरो २' मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या ऑल दॅट रिमेन्स या बँडचं 'सिक्स' आलं. हा बँड तेव्हा प्रॉस्थेटिक नावाच्या स्वतंत्र लेबलवर होता.

पण खरा धमाका ऑक्टोबर २००७ मध्ये झाला. लंडनचा ड्रॅगनफोर्स हा बँड १९९९ मध्ये सुरू झालेला. त्यांच्या पहिल्या डेमोला श्रोते मिळाले ते इंटरनेटवर, एमपीथ्री डॉट कॉमवरून. पुढे नॉइज या छोट्या जर्मन लेबलने त्यांना घेतलं. 'गिटार हीरो ३' मध्ये शेवटची लढाई जिंकली की श्रेयनामावली चालू असताना त्यांचं 'थ्रू द फायर अँड फ्लेम्स' वाजायला लागतं. एक्सपर्ट पातळीवर त्यात साडेतीन हजारांहून जास्त नोट्स! सुरुवातीच्या काही सेकंदांतच लोक गारद व्हायचे. यूट्यूब तेव्हा नवीन होतं, आणि हे गाणं पूर्ण करून दाखवण्याचे व्हिडिओ टाकायची एक चढाओढच लागली.

विचार करा, त्या पोराने हे गाणं किती वेळा ऐकलं असेल! रेडिओवर नावडतं गाणं लागलं की आपण स्टेशन बदलतो. इथे हरलेला माणूस तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून लावतो, आणि गिटारचा प्रत्येक सूर कान देऊन ऐकतो. असा श्रोता जाहिरातीवर पैसे ओतूनही मिळत नाही.

आकडे बघा. ते गाणं ज्या अल्बमवर होतं, तो 'इनह्युमन रॅम्पेज' गेमच्या आधी अमेरिकी बिलबोर्ड यादीत १०३ पर्यंत पोचला होता. २००८ चा पुढचा अल्बम थेट १८ वर, आणि त्यातल्या एका गाण्याला ग्रॅमी नामांकन. त्याची किंमतही मोजावी लागली. 'हा तर गेमवाला बँड' हा शिक्का बसला. स्टुडिओत वेग वाढवून गिटार वाजवतात, असा संशय घेणारेही होते.

ड्रॅगनफोर्सला तोवर अमेरिकेत रोडरनरसारखं मोठं लेबल मिळालेलं होतं, त्यामुळे त्यांना पूर्ण स्वतंत्र म्हणता यायचं नाही. तिकडे हार्मोनिक्सने २००७ मध्ये 'रॉक बँड' काढला. त्यासाठी इअरएक या ब्रिटिश स्वतंत्र लेबलने २००८ मध्ये आपली काही गाणी दिली. त्यात हडर्सफील्डच्या एव्हाइल बँडचं 'थ्रॅशर' होतं. या बँडचा पहिला अल्बम येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालेलं.

आणि मार्च २०१० मध्ये दारच उघडलं. 'रॉक बँड नेटवर्क' आलं. आता कोणताही बँड आपलं गाणं स्वतः गेममध्ये टाकू शकत होता. रीपर या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये एकेक नोट हाताने मांडायची, सोप्यापासून एक्सपर्टपर्यंत चारही पातळ्यांसाठी. मग ते मायक्रोसॉफ्टच्या साइटवर चढवायचं, तिथे दुसरे निर्माते तपासून चुका काढणार. आमच्या ऑफिसमधल्या कोड रिव्ह्यूसारखंच! पास झालं की गाणं दुकानात, किंमत एक ते तीन डॉलर. अशी हजाराहून जास्त गाणी आली, आणि त्यात मेटल भरपूर होतं.

पण हिशोब ऐका. विक्रीतले ३० टक्के गाण्याच्या मालकाला. म्हणजे एका डॉलरला तीस सेंट. नोट्स मांडायची मेहनत वेगळी, किंवा ते काम करून देणाऱ्यांची फी वेगळी. त्याच काळात 'गिटार हीरो ३' ची विक्री एक अब्ज डॉलरच्या पुढे गेल्याचं ॲक्टिव्हिजन सांगत होती. गेममधून संगीत कंपन्यांना मिळणारे पैसे फार कमी आहेत, अशी तक्रार २००८ मध्ये वॉर्नर म्युझिकच्या प्रमुखांनीही केली होती. ते निदान तक्रार तरी करू शकत होते. छोट्या बँडला मिळत होती ती ओळख. भाडं त्यातून निघत नाही.

शिवाय दुकान दुसऱ्याचं. दरवर्षी नवे गेम, घराघरात प्लास्टिकच्या गिटारींचा ढीग, आणि लोक कंटाळले. डिसेंबर २०१० मध्ये हार्मोनिक्स विकली गेली, फेब्रुवारी २०११ मध्ये ॲक्टिव्हिजनने 'गिटार हीरो' चा विभाग बंद केला. मायक्रोसॉफ्टने आपली ती व्यवस्था गुंडाळली आणि नेटवर्कचा रस्ताही संपला. पुढे 'गिटार हीरो लाइव्ह' चा सर्व्हर डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाला, तेव्हा त्यातली शेकडो गाणी एका दिवसात खेळता येईनाशी झाली.

खेळ मात्र मेला नाही. आमच्या हॉस्टेलवर प्लास्टिकची गिटार कुणाकडेच नव्हती. पोरं लॅपटॉपच्या कीबोर्डवर 'क्लोन हीरो' खेळायची. हा फुकट गेम आहे, आणि त्यातल्या नोट्स चाहतेच मांडतात. ड्रॅगनफोर्सचं ते गाणं तिथेही लोकांना रडवतंच.

आज प्लास्टिकच्या गिटारीच्या जागी रील आहे. छोटा बँड अजूनही दुसऱ्याच्याच दुकानात गाणं मांडून बसलाय, आणि दुकानाचं शटर कधी पडेल ते त्याला कुणी सांगत नाही. तेव्हा असा एखादा बँड कानाला आवडला, तर त्याच्या पेजवर जा. अल्बम विकत घ्या, शोचं तिकीट काढा, नाहीतर टी-शर्ट घ्या. त्या पैशांतला मोठा वाटा त्यांच्या हातात पडतो.

भेटू पुढच्या भागात. आवाज आता वाढवला तरी चालेल!