ओसरीची भुई : सारवणापासून लाल कोब्यापर्यंत

१/
घर बांधून होते, भिंतींना रंग लागतो, आणि मग एका प्रश्नापाशी सारे घर अडते: बाहेरच्या ओसरीला फरशी कोणती? आतल्या खोलीच्या जमिनीला माणसांची पावले तेवढी सोसायची असतात. ओसरीच्या भुईला ऊन, पावसाची झड, चिखल आणि पावले हे सारेच सोसावे लागते.

२/
प्रत्येक पिढीने या प्रश्नाला आपले उत्तर दिले, आणि बहुतेक वेळा ते कायमचे आहे असे मानले. महाराष्ट्रातील अशी काही उत्तरे या धाग्यात क्रमाने पाहू. प्रत्येक टप्प्यावर एक प्रश्न मात्र सोबत ठेवू: ही भुई राखण्याचे कष्ट कोणाच्या वाट्याला आले?

३/
पहिले उत्तर सारवणाचे. माती भिजवून पसरायची, धुमसाने ठोकून घट्ट करायची आणि वर शेणाचा हात फिरवायचा. शेणातील न पचलेल्या गवताचे तंतू मातीला धरून ठेवतात. त्यामुळे वाळताना भेगा कमी पडतात, धूळ बसते आणि उन्हाळ्यात पायाला गारवा लागतो. जमिनीतली ओल अशा भुईतून सहज उडून जाते.

४/
उणीव एकच, पण मोठी: पाणी. झड आली की ओसरीची कडा विरघळू लागे. कोकणात पावसाळा सरल्यावर अंगण नव्याने करावे लागे. माती टाकून, चोपून, सारवून. ओसरी तर वर्षभर, सणावाराला हमखास, सारवावी लागे. हे काम जवळजवळ सर्वत्र बायकांचे होते. त्याची मजुरी कोणी मांडली नाही, म्हणून कोणत्याही हिशेबवहीत ते सापडत नाही.

५/
ओसरी ही नुसती बसायची जागा नव्हती. ती एक सीमारेषाही होती. कोणी आत यावे, कोणी ओसरीवर टेकावे आणि कोणी अंगणातच उभे राहावे, हे जातीवरून ठरे. पुढे भुई मातीची जाऊन दगडाची झाली, सिमेंटची झाली. ही रेघ मात्र तेवढ्याने पुसली गेली नाही. फरशीचा इतिहास लिहिताना हे विसरता येत नाही.

६/
दुसरे उत्तर चुन्याच्या कोब्याचे. वाडे, देवळे, किल्ले येथे चुना, वाळू आणि विटांचे किंवा दगडाचे तुकडे यांचा थर घालून तो दीर्घकाळ ठोकला जाई. चुना मळण्यासाठी गोल चर आणि त्यात बैलांनी फिरवायचे दगडी चाक असे. ही चुन्याची घाणी अनेक किल्ल्यांवर आजही दिसते. पुढच्या गडफेरीत ती दिसली, तर तिच्यात कोब्याचा अर्धा इतिहास आहे, हे ध्यानात ठेवा.

७/
नुसता चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून अगदी सावकाश कठीण होतो. त्यात भाजलेल्या विटेची पूड, म्हणजे सुरखी, मिसळली की चुन्याची तिच्याशी रासायनिक क्रिया होते आणि मिश्रण ओलाव्यातही घट्ट होत जाते. पावसाळी प्रदेशात सुरखीला मोल होते ते यासाठी.

८/
ही युक्ती फक्त आपल्याकडची नव्हे. प्राचीन रोममध्येही चुना आणि कुटलेल्या विटा-खापऱ्यांच्या जमिनी होत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील रोमन वास्तुविद व्हिट्रुव्हियस आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात उघड्यावरच्या जमिनीविषयी स्वतंत्रपणे लिहितो. दहा फुटांना दोन अंगुळे उतार द्या, असे तो सांगतो. रोमन फुटाची अंगुळे सोळा. म्हणजे हा उतार ८० ला १ पडतो. आजचा जाणता गवंडीही जवळपास एवढाच उतार धरतो.

९/
त्याचा दुसरा सल्ला अधिक बोलका आहे. उघड्यावरची जमीन दरवर्षी हिवाळ्यापूर्वी ऑलिव्ह तेलाच्या गाळाने माखावी, म्हणजे दहिवर आत शिरणार नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या माणसाला पक्के ठाऊक होते: बाहेरची भुई एकदा घालून भागत नाही, ती वर्षानुवर्षे पोसावी लागते.

१०/
तिसरे उत्तर रेल्वेने आणले. तेव्हाच्या निजामी मुलखातील, आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादजवळ चुनखडीचा दगड सपाट थरांत निघतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सोलापूरहून पुढे जात १८७१ मध्ये रायचूरला पोहोचली. तिच्या वाटेवर शहाबाद होते. लोहमार्गाने जड दगडाचा प्रवास सोपा केला आणि पुण्यामुंबईच्या ओसऱ्यांना ‘शहाबादी’ हा शब्द मिळाला. खडबडीत पाठीची शहाबादी पावसात पाय धरते. मात्र लिंबाचा रस सांडला की तिच्यावर डाग उमटतो, कारण आम्ल चुनखडीला खाते.

११/
श्रीमंतांचे उत्तर आगबोटीने येई. इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट येथील मिंटन कारखान्याच्या भाजलेल्या मातीच्या नक्षीदार फरश्या मुंबईच्या मोठ्या इमारतींत बसल्या. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये, ज्याची प्रतिष्ठापना १८५८ मध्ये झाली, त्या आजही पाहता येतात. सामान्य घराच्या ओसरीला त्या परवडणाऱ्या नव्हत्या.

१२/
मग सिमेंट आले. १८२४ साली जोसेफ ॲस्पडिनने इंग्लंडमध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दक्षिण फ्रान्समध्ये सिमेंटची फरशी तयार होऊ लागली. साच्यात नक्षीची पातळ जाळी, तिच्या कप्प्यांत रंगीत सिमेंट, मागे कोरडे मिश्रण, आणि वरून यंत्राचा दाब. नंतर पाण्यात मुरवण. भट्टी लागतच नाही! कारखाना काढणे त्यामुळे तुलनेने सोपे झाले.

१३/
हीच गोष्ट स्वदेशीच्या उपयोगी पडली. १९२२ मध्ये फिरोजशा सिधवा आणि त्यांचे पुतणे रुस्तम सिधवा यांनी मुंबईत भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी काढली. आयात फरशीच्या तोडीस तोड माल येथेच करायचा, हा हेतू. खादीचा इतिहास आपण शाळेत शिकतो. पायाखालच्या स्वदेशीचा मात्र सहसा शिकत नाही.

१४/
सिमेंटही आता देशी होते. पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४ मध्ये उत्पादन सुरू झाले. १९२७ मध्ये लोकांना सिमेंटचा वापर समजावून देण्यासाठी काँक्रीट असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली, आणि १९३६ मध्ये अनेक कंपन्या एकत्र येऊन एसीसी उभी राहिली. गवंड्याच्या हातात आता चुन्याऐवजी सिमेंटचे पोते आले.

१५/
आता आपल्या आजोळच्या ओसरीकडे या. कोकणात आणि गोव्यात, तिथल्या घरांच्या बाल्कांवसुद्धा, लाल कोबा दिसतो. काँक्रीटच्या ओल्या थरावर सिमेंट आणि लाल रंग यांचे मिश्रण पसरायचे, थापीने घोटत राहायचे, नंतर कित्येक दिवस पाण्याखाली ठेवायचे, शेवटी मेण किंवा तेल चोळायचे. घोटण्याची वेळ चुकली की चमकही गेली.

१६/
लालच का? सिमेंट अल्कधर्मी असते. त्यात आणि उन्हात पुष्कळ सेंद्रिय रंग उडून जातात. लोहाचा ऑक्साइड टिकतो. गेरूचा लाल रंगही लोहाच्या ऑक्साइडचाच! भिंतीला गेरूचा पट्टा ओढणारी आजी आणि लाल कोबा घोटणारा गवंडी एकाच द्रव्याचे रंग वापरत होते.

१७/
लाल कोब्याने सारवणाची पाळी चुकवली. रोजचे काम केर आणि ओल्या फडक्यापुरते उरले. कित्येक घरांत बायकांच्या पाठीवरचा भार हलका झाला, हे त्याचे खरे ऐतिहासिक श्रेय. किंमतही होतीच: घोटलेली भुई पावसात घसरते, आणि सलग ओतलेला थर आकुंचन पावून तडकतो. म्हणून जाणते कारागीर तो चौकटींत विभागत, मध्ये काचेच्या पट्ट्या घालत.

१८/
आज ही ओसरी गुळगुळीत टाइलखाली किंवा चकचकीत रंगाखाली जाते आहे. निर्णयापूर्वी जुन्यांची शिकवण आठवावी. भुईवर पाणी ओता: ते बाहेर वाहते की भिंतीकडे? ओल्या पायाने चालून पाहा. नाण्याने ठोका: पोकळ आवाज येतो का? आणि खालून ओल येत असेल, तर हवाबंद रंगाचा थर फुगून सुटतो. श्वास घेणारी सारवलेली भुई तशी सोलून निघत नसे.

१९/
जुना कोबा नुसता निस्तेज झाला असेल, तर तो स्वच्छ करून पुन्हा मेण देता येते; तडे भरता येतात. उखडलेला कोबा मात्र परत येत नाही, आणि तो घोटणारे हात आता थोडे उरले आहेत.

२०/
व्हिट्रुव्हियसचे तेल, आजीचे सारवण, गवंड्याचे मेण: बाहेरच्या भुईला कोणी ना कोणी दरवर्षी हात लावत आले. फरशी निवडताना दुकानदाराला टिकाऊपणा विचाराच. पण घरी एकमेकांना हेही विचारा की ती राखणार कोण. तुमच्या घरची जुनी ओसरी अजून शाबूत असेल, तर तिचे छायाचित्र आणि ती करणाऱ्याचे नाव घरच्या वहीत नोंदवून ठेवा.

(समाप्त)