औंढ्याच्या माळावरचा कान

हिंगोली तालुक्यात कयाधू नदीकाठी वसलेले नरसी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव, जन्मसाल १२७०. त्यांना गुरू भेटले ते मात्र औंढा नागनाथाच्या देवळात, असे वारकरी परंपरा सांगते. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेवांनी हटकले, तेव्हा जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव, असे ते म्हणाले. पाय जिथे ठेवावेत तिथे पिंडी! याच देवळाबद्दल दुसरीही एक कथा आहे. नामदेवांना कीर्तनासाठी मागच्या बाजूला जावे लागले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले.

आज त्याच औंढा तालुक्यात, दुधाळा गावच्या शिवारात, प्रत्यक्ष अवकाश किती हलते हे मोजणारे यंत्र उभे राहायचे आहे. त्याचे नाव लायगो-इंडिया.

हे महत्त्वाचे का, हे कळण्यासाठी आधी या मुलखाची शैक्षणिक वाट पाहावी लागते. निजामी राजवटीत हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. उच्च शिक्षण हवे असेल तर हैदराबाद गाठायचे. तेथील उस्मानिया विद्यापीठ १९१८ चे, आणि शिकवणे उर्दूतून. संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले, तरी मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळण्यास १९५८ उजाडले, आणि तेही औरंगाबादला. परभणीला कृषी विद्यापीठ आले १९७२ मध्ये, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. विद्यापीठ मात्र शेजारच्या जिल्ह्यांतच राहिले. अशा जिल्ह्याच्या वाट्याला देशातील सर्वात नाजूक वैज्ञानिक उपकरण यावे, हा योगायोग नाही. शांततेची किंमत प्रथमच कुणी मोजली, एवढाच त्याचा अर्थ.

लायगोच्या दोन भुजा काटकोनात असतात, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब. त्यांतील निर्वात नळ्यांतून लेझर किरण जाऊन टोकाच्या आरशांवरून परततो. गुरुत्वीय लहर गेली की एक भुजा कणभर ताणली जाते, दुसरी आखडते. 'कणभर' हा शब्दही इथे फार मोठा आहे. मोजायचा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतका असतो. आरसे ४० किलोचे, काचेच्या तंतूंवर टांगलेले. समुद्राच्या लाटा, आगगाडी, मालमोटार, सगळ्यांचा त्यांना उपद्रव. म्हणून जागा हवी आडवाटेची.

भारताचा या विषयाशी संबंध मात्र यंत्रापेक्षा जुना आहे. कृष्णविवराला धक्का बसला तर ते घंटेसारखे कसे निनादत शांत होते, हे सी. व्ही. विश्वेश्वरांनी १९७० मध्ये गणिताने दाखवले. गोंगाटातून लहरीची ठरावीक ठेवण कशी चाळून काढायची, यावर बी. एस. सत्यप्रकाश आणि पुण्याच्या आयुकातील संजीव धुरंधर यांचा मूलभूत निबंध १९९१ चा. तेव्हा ऐकायला कानच नव्हता.

तो कान भारतात येण्याची कथा गमतीची आहे. अमेरिकेत हॅनफर्ड येथे एकाच ठिकाणी दोन उपकरणे बसवायची होती. पण आकाशात आवाज कुठून आला हे ठरवायला कान दूरदूर असावे लागतात. म्हणून तिसरे उपकरण परदेशी द्यायचे ठरले. पहिला मान ऑस्ट्रेलियाचा होता. २०११ मध्ये निधीअभावी तो बेत बारगळला. २००९ पासून संघटित झालेल्या भारतीय शास्त्रज्ञांनी संधी साधली.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनाची पहिली लहर टिपली गेली. ती बातमी जगाला कळली ११ फेब्रुवारी २०१६ रोजी, आणि अवघ्या सहा दिवसांत केंद्रीय मंत्रिमंडळाने लायगो-इंडियाला तत्त्वतः मंजुरी दिली. एवढी चपळाई सरकारी इतिहासात विरळा. पुढची मंजुरी मात्र सावकाश आली: ६ एप्रिल २०२३, खर्च सुमारे २६०० कोटी रुपये. मधल्या सात वर्षांत तीन शास्त्रज्ञांना नोबेल मिळाले, नोंदलेल्या लहरी ९० झाल्या, आणि १७ ऑगस्ट २०१७ च्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीने तिसऱ्या कानाचे मोल सिद्ध केले. इटलीतील व्हर्गोला तो आवाज जेमतेम आला, आणि त्या क्षीणपणावरूनच जागा नेमकी हेरता आली. भारतासाठी राखलेले भाग तोवर अमेरिकेतच पडून होते.

शांततेचीही एक गोष्ट राहते. दख्खनचा बसाल्ट स्थिर म्हणून ख्यातनाम. पण १९९३ च्या किल्लारीने तो समज मोडला, आणि २१ मार्च २०२४ रोजी खुद्द हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. असा धक्का बसला की उपकरणाला नोंद थांबवून पुन्हा स्थिर व्हावे लागते. अमेरिकेतील उपकरणांनाही दूरच्या भूकंपांमुळे हे करावे लागते. त्यामुळे जागा बाद ठरत नाही, पण कंपने रोखणारी यंत्रणा अधिकच काटेकोर हवी.

आठ किलोमीटर निर्वात नळी जोडायची आहे, तीही एका सूक्ष्म छिद्राविना. वेल्डिंग, निर्वात पंप, विजेची निगा, अहोरात्र पाळ्या: हे काम बांधकाम संपल्यावरही अनेक वर्षे चालणार. त्या पाळ्यांच्या यादीत औंढा, वसमत, सेनगाव, नरसीची मुले-मुली किती असतील, हे जिल्ह्यातील तंत्रनिकेतने आणि विज्ञान महाविद्यालये आजपासून काय शिकवतात यावर ठरेल. उपकरण कार्यान्वित होण्याचे उद्दिष्ट २०३० च्या आसपासचे आहे.